नव्या हंगामाचे भाकीत

कोणत्याही सांघिक खेळाचा नवा हंगाम तोंडावर आला म्हणजे एक प्रश्न हमखास विचारला जातो : यंदा कोण जिंकणार? चहाच्या टपरीपासून वृत्तपत्राच्या क्रीडापृष्ठापर्यंत सर्वत्र या प्रश्नाची उत्तरे तयार असतात, आणि बहुतेक उत्तरांत एकाच संघाचे नाव असते. प्रस्तुत प्रकरणात हाच प्रश्न थोड्या निराळ्या रीतीने मांडावयाचा आहे. हंगाम सुरू होण्यापूर्वी त्याच्या निकालाविषयी किती सांगता येते, आणि किती सांगता येणे शक्यच नसते?

यासाठी आपण कबड्डीचे उदाहरण घेऊ. मराठी वाचकाला हा खेळ हुतुतू या नावाने परिचित आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तो जगापुढे सादर केला. त्याचे व्यावसायिक रूप म्हणजे २०१४ मध्ये सुरू झालेली प्रो कबड्डी लीग. दिल्ली आणि तिच्या भोवतीचा हरियाणाचा व पश्चिम उत्तर प्रदेशाचा मुलूख ही या खेळाडूंची मोठी खाण होय. दिल्लीच्या सीमेवरील निजामपूर या एका गावाने राकेश कुमार आणि मनजीत छिल्लर असे दोन नामवंत खेळाडू दिले. दिल्लीचा संघ ‘दबंग दिल्ली’ या नावाने खेळतो, आणि त्याचा इतिहास आपल्या विषयासाठी फार उद्‌बोधक आहे.

विजेत्यांची यादी

पहिल्या पाच हंगामांत दिल्लीला एकदाही बाद फेरी गाठता आली नाही. सहाव्या हंगामात ती साधली. सातव्या हंगामात, म्हणजे २०१९ मध्ये, दिल्ली साखळीत सर्वप्रथम आली. पण अहमदाबादच्या अंतिम सामन्यात बंगालकडून ३९–३४ अशी हरली. पुढच्या हंगामात, फेब्रुवारी २०२२ मध्ये, दिल्लीने पाटण्यावर ३७–३६ असा एका गुणाने विजय मिळवून पहिले विजेतेपद पटकावले. दुसरे विजेतेपद ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीतच, त्यागराज क्रीडासंकुलात मिळाले. त्या दिवशी पुण्याचा संघ ३१–२८ असा पराभूत झाला.

आता सर्वच विजेत्यांकडे पाहू. २०१७ मध्ये संघांची संख्या ८ वरून १२ झाली. तेव्हापासून २०२५ पर्यंत आठ हंगाम झाले. त्यांत क्रमाने पाटणा, बंगळूर, बंगाल, दिल्ली, जयपूर, पुणे, हरियाणा आणि पुन्हा दिल्ली असे विजेते ठरले. आठ हंगामांत सात निरनिराळे विजेते! समजा, आपण बारा संघांच्या नावांच्या चिठ्ठ्या एका मडक्यात घातल्या, प्रत्येक हंगामासाठी एक चिठ्ठी काढली आणि ती परत मडक्यात टाकली. आठ वेळा असे केल्यास सरासरीने सहा निरनिराळी नावे निघतील. म्हणजे प्रत्यक्षातील यादी चिठ्ठ्यांच्या यादीहूनही अधिक विखुरलेली आहे.

यावरून सर्व संघ सारखेच आहेत असा निष्कर्ष मात्र काढता येणार नाही. २०१६ आणि २०१७ या दोन वर्षांत झालेले सलग तीन हंगाम पाटण्याने जिंकले होते. सोनीपत जिल्ह्यातील परदीप नरवालच्या चढायांचा त्यात मोठा वाटा होता. शिवाय नवव्या, दहाव्या आणि अकराव्या हंगामांत साखळीत पहिला आलेला संघच अखेर विजेता ठरला. तेव्हा बलाबल असते. पण हंगामाच्या आरंभी ते अंधूक असते आणि सामने होत जातात तसतसे स्पष्ट होते.

योगायोगाचा वाटा

अंतिम सामन्यात तीन गुणांचा फरक म्हणजे एखादी फसलेली पकड आणि एखादा बोनस. एका सामन्यात योगायोगाला किती वाव असतो हे यावरून सहज ध्यानी येते. परंतु संपूर्ण साखळीतही तो पुरता नाहीसा होत नाही, ही गोष्ट तितकीशी परिचित नाही.

सातव्या ते अकराव्या हंगामांपर्यंत साखळीत प्रत्येक संघ २२ सामने खेळत असे. अशी कल्पना करा की, बाराही संघ तंतोतंत तुल्यबळ आहेत आणि प्रत्येक सामन्याचा निकाल नाणेफेकीसारखा आहे. तरीसुद्धा सर्वांचे विजय ११–११ होणार नाहीत. संभाव्यतेच्या गणिताप्रमाणे दहापैकी सुमारे सात संघांचे विजय ९ ते १३ यांच्या दरम्यान पडतील. सर्वांत वरच्या संघाला १४ किंवा १५ विजय मिळतील आणि सर्वांत खालच्याला ७ किंवा ८. २०१९ मध्ये साखळीत पहिल्या आलेल्या दिल्लीचे विजय होते १५. त्या वर्षीचा दिल्लीचा संघ निःसंशय बलवान होता. तथापि केवळ १५ हा आकडा पाहून तसे म्हणता येणार नाही, कारण तुल्यबळ संघांच्या स्पर्धेतही कोणीतरी तितके सामने सहज जिंकू शकतो.

गेल्या वर्षीचे यश

भाकीत करणारा बहुधा गेल्या हंगामाच्या तक्त्यापासून प्रारंभ करतो, आणि तेथेच त्याची पहिली चूक होण्याचा संभव असतो. अव्वल आलेल्या संघाच्या यशात कौशल्याबरोबर दैवाचाही वाटा असतो. कौशल्य बहुतांशी टिकते. दैव मात्र पुढच्या वर्षी नव्याने वाटले जाते. म्हणून अतिशय उंच गेलेला संघ पुढच्या वर्षी सरासरीकडे सरकतो आणि अगदी तळाचा संघ थोडा वर येतो. आईवडिलांच्या व मुलांच्या उंचीचा अभ्यास करताना फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये ही प्रवृत्ती दाखवून दिली.

कबड्डीत तिची उदाहरणे भरपूर आहेत. २०१४ चा विजेता जयपूर, २०१९ चा विजेता बंगाल आणि मार्च २०२४ मध्ये विजेता ठरलेला पुणे, या तिघांनाही लगेच पुढच्या हंगामात बाद फेरी गाठता आली नाही. लोक अशा वेळी ‘यश डोक्यात गेले’ असे म्हणतात. पुण्याच्या बाबतीत कर्णधार अस्लम इनामदारची दुखापत हे एक ठळक कारण होते. पण असे विशेष कारण सापडले नाही तरी सरासरीकडे सरकणे अपेक्षितच असते, आणि २०२५ मध्ये पुणे पुन्हा अंतिम सामन्यापर्यंत आला.

यावर उपाय साधा आहे. समजा, एखाद्या संघाने २२ पैकी १५ सामने जिंकले. सरासरी ११ आहे. म्हणजे तो चार विजयांनी पुढे आहे. या आघाडीचा निम्मा भाग कौशल्याचा मानला, तर पुढच्या वर्षासाठी त्याच्या विजयांचा अंदाज १५ नव्हे, १३ धरावा. निम्मा भाग हे येथे केवळ उदाहरणादाखल घेतलेले प्रमाण आहे; खरे प्रमाण अनेक हंगामांचे आकडे ताडून ठरवावे लागते.

माणसे बदलतात

दुसरी अडचण अशी की, नाव तेच राहिले तरी संघ तोच राहत नाही. लिलावात खेळाडू हात बदलतात. २०२५ च्या लिलावासाठी प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा होती पाच कोटी रुपयांची. मोहम्मदरेझा शादलुई हा इराणी खेळाडू २०२३-२४ मध्ये पुण्याकडे होता. पुणे विजेता ठरला. २०२४ मध्ये तो हरियाणाकडे गेला. हरियाणा विजेता ठरला. २०२५ मध्ये गुजरातने त्याच्यासाठी दोन कोटी तेवीस लाख रुपये मोजले, म्हणजे मर्यादेचा निम्म्याजवळचा भाग. पण गुजरातला अंतिम सामना काही गाठता आला नाही. उत्तम खेळाडूचे मोल खरे असते. परंतु त्याच्यासाठी मोजलेला पैसा इतर सहा जागांतून कमी होतो. खर्चावर मर्यादा घालण्याचा हेतूच मुळी संघ एकमेकांच्या जवळ आणण्याचा असतो, आणि ज्या मानाने तो साधतो त्या मानाने भाकीत अवघड होते.

दिल्लीचाच दाखला पाहा. नवीन कुमार हा या संघाचा अनेक वर्षे आधारस्तंभ होता. दहाव्या हंगामात प्रारंभीच तो जायबंदी झाला. दिल्लीचा डोलारा कोसळणार असे वाटत असता आशू मलिक पुढे आला आणि त्या हंगामात सर्वाधिक चढाई-गुण त्यानेच मिळविले. २०२५ मध्ये नवीन हरियाणाकडे गेला, आणि आशूच्या नेतृत्वाखाली दिल्ली विजेती झाली. दुखापत कोणाला होईल हे आधी कळत नाही. राखीव खेळाडूंतून कोण उदयास येईल हे तर त्याहूनही कळत नाही.

खेळाची घडण

भाकिताची सुगमता खेळाच्या घडणीवरही अवलंबून असते. येथे बास्केटबॉलशी तुलना उपयोगी पडेल. बास्केटबॉलमध्ये गुण झाला तरी प्रतिपक्षाचे पाचही खेळाडू मैदानात राहतात. कबड्डीत गुण गेला की बहुधा खेळाडूही जातो. सातांचे पाच झाले की बचाव दुबळा पडतो, पुढची चढाई सोपी होते, आणि अखेर लोण चढून आणखी दोन गुण जातात. एका चुकीतून दुसरे नुकसान उद्‌भवते. त्यामुळे वीस गुणांनी झालेला विजय हा दहा गुणांच्या विजयाच्या दुप्पट सामर्थ्याचा पुरावा मानता येत नाही. जाणता भाकीतकार अशा मोठ्या फरकांना आवर घालूनच ते हिशेबात घेतो.

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये तीस संघ प्रत्येकी ८२ सामने खेळतात आणि बाद फेरीत सात सामन्यांची मालिका असते. एखादा संघ प्रतिस्पर्ध्याविरुद्ध दहापैकी सहा सामने जिंकण्याइतका सरस असेल, तर सात सामन्यांची मालिका तो शंभरांत सुमारे ७१ वेळा जिंकेल. एकाच सामन्यावर निकाल असेल तर ६० वेळाच. कबड्डीत विजेतेपद अखेर एका सामन्यावर ठरते. अशा संघाला ओळीने तीन बाद सामने जिंकावयाचे असतील तर ते शंभरांत २२ वेळाही साधणार नाही. बोस्टनच्या संघाने १९५९ ते १९६६ अशी ओळीने आठ विजेतेपदे मिळविली त्याला खेळाडूंच्या गुणवत्तेबरोबर या दीर्घ मालिकांचेही साहाय्य झाले. आणि तरीही त्याच लीगमध्ये २०१९ ते २०२५ या सात वर्षांत सात वेगवेगळे विजेते झाले, हे विसरता कामा नये.

भाकीत कसे करावे, कसे तपासावे

आता पद्धतीकडे वळू. प्रथम प्रत्येक संघाला त्याच्या बलानुसार एक अंक देतात. बुद्धिबळासाठी आर्पाद एलो या भौतिकीच्या प्राध्यापकाने बसविलेली पद्धत यासाठी सोयीची आहे. तीत दोन प्रतिस्पर्ध्यांच्या अंकांत १०० चा फरक असेल तर वरचढ बाजूची अपेक्षा शंभरांत ६४ इतकी धरतात. हे अंक गेल्या हंगामावरून काढून सरासरीकडे ओढावयाचे, आणि मग गेलेल्या व आलेल्या खेळाडूंनुसार दुरुस्त करावयाचे. त्यानंतर संगणकावर संपूर्ण हंगाम हजारो वेळा खेळवावयाचा. त्यांत दिल्ली शंभरांत पंधरा वेळा जिंकली, तर दिल्लीची संभाव्यता शेकडा पंधरा. बारा संघांच्या स्पर्धेत नुसत्या चिठ्ठीची संभाव्यता शेकडा आठाहून थोडी अधिक असते. म्हणून पंधरा हा आकडा दिसतो तितका लहान नाही.

अशा भाकितात एका संघाचे नाव नसते, याचे वाचकाला नवल वाटू नये. दिल्लीच्या लोदी मार्गावरील मौसम भवनातून दर वर्षी मान्सूनचे जे दीर्घकालीन अनुमान प्रसिद्ध होते, त्यातही सरासरीच्या अमुक टक्के पाऊस या अंकाबरोबर चुकीची मर्यादा सांगितलेली असते. ती मर्यादा सांगणे हा अनुमानाचाच भाग होय.

भाकीत तपासण्याची रीतही हवामानशास्त्राकडूनच आली. ग्लेन ब्रायर या अमेरिकी हवामानतज्ज्ञाने १९५० मध्ये ती मांडली. सांगितलेली संभाव्यता आणि घडलेली गोष्ट यांतील अंतराचा वर्ग करावयाचा आणि अनेक भाकितांवर त्याची सरासरी काढावयाची; सरासरी जितकी लहान, तितके भाकीत चांगले. या रीतीने छातीठोकपणे बोलून चुकणाऱ्याला जबर दंड बसतो. एकदा नाव बरोबर आले म्हणून कोणी जाणता ठरत नाही. बारा जणांनी बारा नावे सांगितली तर एकाचे बरोबर येणारच.

हा विवेक का हवा

हा सर्व विचार केवळ कुतूहलाचा आहे असे नाही. ‘यंदा अमुकच’ असे सांगणाऱ्यांच्या शब्दावर विसंबून आपली कमाई घालवणारे लोक थोडे नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला, यावरून या प्रश्नाचे गांभीर्य कळावे.

त्याहून महत्त्वाची बाजू खेळाडूंची आहे. लिलाव म्हणजे तरी काय? एका तरुणाच्या पुढील हंगामाचे पैशांत केलेले भाकीतच. २०१४ च्या पहिल्या लिलावात निजामपूरच्या राकेश कुमारला सर्वाधिक बोली मिळाली ती बारा लाख ऐंशी हजारांची. पुढे हेच आकडे कोटींत गेले. ज्याच्या मागील हंगामाला दैवाने हात दिला त्याचे मोल चढते; ज्याचा गुडघा अवेळी दुखावला त्याचे घसरते. सोनीपत, रोहतक किंवा बागपतकडचा एखादा मुलगा एका हंगामातील वीस-बावीस सामन्यांवरून पारखला जातो, आणि तेवढ्या सामन्यांत योगायोग किती असतो हे आपण वर पाहिलेच आहे. निवड करणाऱ्याने हे ध्यानी ठेवले तर एका पडत्या वर्षामुळे चांगला खेळाडू वाया जाणार नाही, आणि एका चढत्या वर्षामुळे त्याच्यावर न पेलणारे ओझेही पडणार नाही.

तेव्हा नव्या हंगामापूर्वी कोणी भाकीत सांगू लागला तर त्याला दोन प्रश्न विचारावेत : शंभरांत किती वेळा? आणि मागील भाकितांचा हिशेब कोठे आहे? ज्याच्यापाशी या दोहोंची उत्तरे असतील त्याचे म्हणणे अवश्य ऐकावे. इतरांचे बोलणे करमणूक म्हणून ऐकण्यास हरकत नाही. शेवटी खेळ पाहावयाचा तो निकाल आधी ठाऊक नसतो म्हणूनच.