कंबरेतून पायात उतरणारी कळ : उपचारांचा ताळेबंद

बैठे काम करणाऱ्यांना कंबरदुखीचे नावीन्य राहिलेले नाही. काउंटरवर दिवसभर बसणारे रोखपाल, संगणकासमोरून न हलणारे अधिकारी आणि निवृत्तिवेतनासाठी शाखेत येणारे आपले ज्येष्ठ ग्राहक, सर्वांच्याच बोलण्यात ती येते. परंतु कंबरेत उसण भरणे निराळे आणि कंबरेतून निघून नितंब, मांडीची मागील बाजू व पोटरी असा मार्ग आक्रमत पावलापर्यंत विजेसारखी उतरणारी कळ निराळी. या दुसऱ्या व्याधीस आयुर्वेदात गृध्रसी म्हणतात. व्यवहारात ती सायटिका या नावाने परिचित आहे. तिच्यासाठी भौतिकोपचाराचे म्हणजेच फिजिओथेरपीचे अनेक प्रकार सुचविले जातात. त्यांतील कोणत्यावर वेळ व पैसा खर्च करावा, हा प्रश्न बहुतेक रुग्णांना पडतो.

सायटिक ही मानवी शरीरातील सर्वांत जाड नस होय. कंबरेचे शेवटचे दोन मणके आणि त्यांखालील त्रिकास्थी यांच्यामधून निघणाऱ्या मुळांपासून ती बनते. आपल्याकडे ‘गादी सरकली’ असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः दोन मणक्यांमधील चकती जागची हलत नाही. तिचे बाहेरचे कडे फाटते, आतील मऊ गर बाहेर येतो आणि नसेच्या मुळावर दाब व दाह असा दुहेरी परिणाम होतो. बोस्टनच्या मिक्स्टर व बार या शल्यवैद्यांनी १९३४ साली हा संबंध प्रकर्षाने मांडला. मात्र एमआरआयच्या अहवालातील ‘डिस्क बल्ज’ हे शब्द वाचून हातपाय गाळण्याचे कारण नाही. १९९४ साली अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या ९८ व्यक्तींच्या कंबरेचे एमआरआय तपासण्यात आले, तेव्हा त्यांपैकी ५२ टक्के लोकांत किमान एका जागी चकती फुगलेली आढळली. चित्रातील दोष आणि पायातील कळ यांचा मेळ बसतो की नाही, हे रुग्णाला प्रत्यक्ष तपासूनच ठरते.

उपचारांची तुलना करण्यापूर्वी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ही व्याधी बहुतांश रुग्णांत काही आठवड्यांत आपोआप उतरणीस लागते. बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जो उपचार चालू असेल, त्याच्या खात्यावर सारे श्रेय जमा होते. कंबरेत चमक भरली की पायाळू माणसाकडून लाथ मारून घेण्याची जी रीत आपल्या खेड्यांत होती, तिची कीर्ती बहुधा याच हिशेबाने वाढली असावी. म्हणून केवळ ‘अमक्याला गुण आला’ एवढ्यावर न विसंबता, उपचार घेतलेले व न घेतलेले अशा दोन्ही गटांची तुलना कोठे झाली आहे, हे पाहणे इष्ट.

विश्रांतीचेच पाहा. ‘महिनाभर फळीवर झोपा’ हा सल्ला एके काळी सर्वमान्य होता. नेदरलँड्समध्ये १८३ सायटिका रुग्णांची दोन गटांत विभागणी करून हा सल्ला तपासण्यात आला व १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका गटास दोन आठवडे अंथरुणात ठेवले, दुसऱ्यास झेपेल तितके हिंडूफिरू दिले. बारा आठवड्यांनंतर दोन्ही गटांतील ८७ टक्के रुग्णांना सुधारणा जाणवली. असह्य कळ असताना एखाद-दुसरा दिवस पडून राहणे समजण्यासारखे आहे. पण पुढची रजा लाभावाचून खर्ची पडते.

वजन लावून कंबर ताणणे, म्हणजे ट्रॅक्शन, यावर आपल्याकडे अजून मोठी श्रद्धा आहे. मी इंदूरच्या ज्या शाखेत काम करतो, तेथील हेड कॅशियरांना निवृत्तीस तीन वर्षे उरली असताना डाव्या पायात सायटिका झाली. एका ठिकाणी त्यांना रुग्णालयात दाखल होऊन ट्रॅक्शन घेण्यास सांगितले, तर दुसरीकडे तातडीच्या शस्त्रक्रियेची तारीखच दिली. मुलीचे लग्न ठरलेले, शिल्लक बेताची. एके दिवशी कॅश बंद झाल्यावर ते माझ्या टेबलापाशी आले व म्हणाले, “साहेब, कर्जाचा प्रस्ताव तपासता तशी ही फाइल एकदा तपासा.” वैद्यकीय सल्ला देणे माझे काम नव्हे; परंतु प्रकाशित माहिती वाचणे शक्य होते. ट्रॅक्शनविषयीच्या अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केला आहे. पायात कळ असो वा नसो, ट्रॅक्शनमुळे वेदना वा हालचाल यांत लक्षणीय फरक पडत नाही, असे त्यात आढळले. ताण असेपर्यंत काहींना बरे वाटते, हे खरे. पण तेवढ्यासाठी रुग्णालयात मुक्काम करावा, असे मला वाटत नाही.

यंत्रांची गोष्ट थोडक्यात आटोपते. त्वचेवर पट्ट्या लावून सौम्य वीजप्रवाह देणारे टेन्स, आयएफटी आणि अल्ट्रासाउंड ही केंद्रांतील नित्याची साधने होत. ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेने कंबरदुखी व सायटिकासाठी ही तिन्ही, तसेच ट्रॅक्शन व कंबरपट्टा, देऊ नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. साध्या शेकाने स्नायू सैल होतात. तो घरच्या रबरी पिशवीने घेता येतो आणि त्याला सिटिंगचे पैसे पडत नाहीत!

उरतो तो व्यायाम. येथे न्यूझीलंडचे भौतिकोपचारतज्ज्ञ रॉबिन मॅकेन्झी यांची हकिकत सांगण्यासारखी आहे. १९५६ साली वेलिंग्टन येथील त्यांच्या चिकित्सालयात पायात कळ असलेला एक रुग्ण तपासणीच्या टेबलावर पालथा झोपला. आधीच्या रुग्णासाठी टेबलाचे एक टोक उंच केलेले होते, ते तसेच राहिले होते. त्यामुळे त्याची कंबर मागे वाकलेल्या स्थितीत राहिली, जी त्या काळी अपायकारक मानली जाई. मॅकेन्झी परत येऊन पाहतात तो रुग्ण म्हणतो, पायातील दुखणे गेले! त्यातून पुढे त्यांची पद्धती घडली. ज्या दिशेच्या हालचालीने कळ पावलाकडून वर सरकत कंबरेत गोळा होते, ती दिशा रुग्णाला अनुकूल. कंबर थोडी अधिक दुखली तरी पाय मोकळा होत असेल, तर ते सुचिन्ह समजावे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ३१२ रुग्ण तपासले असता ७४ टक्के रुग्णांत अशी अनुकूल दिशा सापडली व त्या दिशेचा व्यायाम करणाऱ्यांना इतरांहून अधिक लाभ झाला.

बहुतेकांची अनुकूल दिशा मागे वाकण्याची असते, सर्वांची नव्हे. साठी उलटलेल्या अनेकांत मज्जारज्जूची नलिका अरुंद झालेली असते. थोडे चालल्यावर त्यांचे पाय भरून येतात आणि पुढे वाकल्यावर वा पायरीवर टेकल्यावर हलके होतात. अशांना मागे वाकण्याच्या व्यायामाने त्रास वाढू शकतो. म्हणून शेजाऱ्याच्या व्यायामाचा कागद झेरॉक्स करून आणणे टाळावे. नस हळुवार पुढेमागे सरकविण्याचे व्यायामही काहींना उपयुक्त ठरतात. पण ते ओढून-ताणून करावयाचे नसतात. हातांनी मणके हलविण्याचे उपचार नाइसने व्यायामाच्या जोडीनेच मान्य केले आहेत, स्वतंत्रपणे नव्हे. व्यायामाचा लाभही बेताचाच असतो, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेतील २२० रुग्णांच्या चाचणीत (२०२१) लवकर भौतिकोपचार घेणाऱ्यांच्या दैनंदिन हालचाली इतरांपेक्षा अधिक सुधारल्या, परंतु तो फरक माफक होता.

शस्त्रक्रियेबाबत नेदरलँड्सची २००७ ची चाचणी बोलकी आहे. सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ रुग्णांपैकी लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची कळ लवकर थांबली; मात्र वर्षअखेरीस दोन्ही गटांतील ९५ टक्के रुग्ण बरे झालेले होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के रुग्णांना पुढे शस्त्रक्रिया करावी लागली, हेही त्याच ताळेबंदात मांडावयास हवे. हे आकडे घेऊन आमचे हेड कॅशियर पुन्हा शल्यवैद्यांकडे गेले. पायातील शक्ती शाबूत असल्याची खात्री करून त्यांनी सहा आठवडे थांबण्यास संमती दिली. भौतिकोपचारतज्ज्ञांकडे चार वेळा जाऊन व्यायाम शिकले, बाकी सारे घरी. दर अर्ध्या तासाने ते काउंटरमागे उभे राहत, तेव्हा रांगेतील ग्राहक काही वेळा कुरकुरत. मुलीच्या लग्नात ते पंगतीत वाढावयास होते. पाटावर बसणे मात्र त्यांनी टाळले.

थांबणे धोक्याचे ठरते ते पुढील लक्षणांत : लघवी अडणे वा नकळत होणे, शौचावरील ताबा सुटणे, मांड्यांच्या मधल्या भागास बधिरता येणे, पाऊल उचलता न येणे. यांपैकी काहीही दिसल्यास भौतिकोपचारतज्ज्ञांची वेळ न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे; काही तासांच्या विलंबानेही कायमचे नुकसान होऊ शकते. दुखण्याबरोबर ताप, अकारण वजन घटणे किंवा पूर्वी झालेला कर्करोग असल्यासही आधी डॉक्टरांना दाखवावे.

खर्चाविषयी एक सूचना. बऱ्याच आरोग्यविमा पॉलिसींत दाखल न होता घेतलेल्या भौतिकोपचाराची भरपाई मिळत नाही आणि गरज नसताना दाखल झाल्यास दावा फेटाळला जाऊ शकतो. तेव्हा वीस सिटिंगचे पॅकेज आगाऊ भरण्यापूर्वी पॉलिसीतील बाह्यरुग्ण उपचारांचे कलम वाचावे आणि घरी करावयाचे व्यायाम किती भेटींत शिकविले जातील, हे केंद्रात विचारून घ्यावे.