ई जीवनसत्त्व आणि बालकांची फुप्फुसे

ई जीवनसत्त्वाचा शोध १९२२ साली अमेरिकेत इव्हान्स व बिशप यांनी लावला. आपण घेतो तो प्राणवायू जीवनदायी खरा. परंतु त्यापासूनच निर्माण होणारी काही दाहक द्रव्ये पेशींच्या स्निग्ध आवरणास इजा करतात. हे जीवनसत्त्व त्या आवरणाचे रक्षण करते.

फुप्फुसांची घडण गर्भातच सुरू होते. ज्या मातांच्या आहारात गरोदरपणी हे जीवनसत्त्व कमी होते, त्यांच्या पाच वर्षांच्या मुलांत दम्याचे प्रमाण अधिक आढळले, असे स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथील संशोधकांनी २००६ साली दाखविले. तथापि संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झाले, असे नव्हे. म्हणून आपण गोळ्यांच्या मागे न लागता शेंगदाणे, बदाम, सूर्यफुलाचे तेल व पालेभाज्या यांना रोजच्या आहारात स्थान द्यावे. आणि मुलास धाप लागल्यास विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे, हेच आम्हांस श्रेयस्कर वाटते.