पोलादाच्या गावात पीएचडी

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. त्यानंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, १० मार्चला, पंडित नेहरूंनी पवईला आयआयटी मुंबईची कोनशिला बसवली. दोन्ही कामांमागे सोव्हिएत मदत होती. भिलाईला ती २ फेब्रुवारी १९५५च्या कराराने थेट मिळाली, पवईला युनेस्कोमार्फत. एकाच मित्रदेशाच्या हातभाराने मुंबईला इंजिनिअर घडवणारी संस्था मिळाली आणि भिलाईला इंजिनिअर लागणारा कारखाना. भिलाईची स्वतःची आयआयटी यायला २०१६ साल उजाडलं.

याचा अर्थ मधल्या काळात या भागात तंत्रशिक्षण नव्हतं असा नाही. रायपूरला १९५६ सालीच खाणकाम आणि धातुशास्त्राचं सरकारी महाविद्यालय सुरू झालं. आजची एनआयटी रायपूर ती हीच. १९८६ मध्ये दुर्गला भिलाई इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी निघालं. छत्तीसगड वेगळं राज्य झाल्यावर २००५ मध्ये राज्यभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांसाठी स्वामी विवेकानंद तंत्रज्ञान विद्यापीठ स्थापन झालं आणि त्याचं मुख्यालयही भिलाईलाच आलं. शिवाय कारखान्याच्या शाळा आणि जेईईचे क्लासेस यांचा इथे मोठा दबदबा. सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये वाढलेल्या पोराने बारावीनंतर खरगपूर, पवई किंवा कानपूर गाठायचं, हा इथला जुना रिवाज. भिलाईने देशाला रूळ दिले तसे इंजिनिअरही दिले.

पण या इंजिनिअरांना शिकवणारे कुठून येतात? आणि त्यांना शिकवायला कोण शिकवतं? हा प्रश्न भिलाईत क्वचित विचारला जातो. तो तितकाच क्वचित नागपूर, अमरावती किंवा सांगलीतही विचारला जातो. त्याचं उत्तर एम.टेक. आणि पीएचडी करणाऱ्या मुलामुलींपाशी आहे, म्हणून त्यांच्याकडे जरा निरखून पाहायला हवं.

नवांत तीन

आधी हिशेब. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या नियमानुसार पदवी अभ्यासक्रमात वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. शिक्षकांच्या पदांचं प्रमाणही ठरलेलं आहे : एक प्रोफेसर, दोन असोसिएट प्रोफेसर, सहा असिस्टंट प्रोफेसर. असिस्टंट प्रोफेसर व्हायला बी.ई. आणि एम.ई. पुरतं, त्यातल्या एका पदवीला प्रथम श्रेणी असली की झालं. वरच्या दोन्ही पदांसाठी मात्र पीएचडी लागते. म्हणजे १८० विद्यार्थ्यांमागे नऊ शिक्षक आणि त्यांपैकी तिघे तरी पीएचडी झालेले. खेड्याच्या वेशीवर उभ्या असलेल्या खासगी महाविद्यालयालाही हा नियम लागू आहे. देशभर दरवर्षी लाखो मुलं अभियांत्रिकीला जातात हे लक्षात घेतलं की पीएचडीधारकांची गरज किती मोठी आहे ते कळतं.

ही गरज जुनीच आहे. १९७० साली केंद्र सरकारने 'क्वालिटी इम्प्रूव्हमेंट प्रोग्रॅम' सुरू केला. महाविद्यालयात नोकरी करणाऱ्या शिक्षकाने पगार चालू ठेवून आयआयटीसारख्या संस्थेत यायचं, एम.टेक. किंवा पीएचडी करायची आणि परत आपल्या महाविद्यालयात जायचं, अशी ती योजना. 'क्यूआयपीवर गेलेत' हे वाक्य महाराष्ट्रातल्या जुन्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्ये अनेकांनी ऐकलं असेल. त्याआधी, १९६५ मध्ये, भोपाळला तंत्रशिक्षकांच्या प्रशिक्षणाची संस्था निघाली. आज ती एनआयटीटीटीआर भोपाळ म्हणून ओळखली जाते आणि तिच्या कार्यक्षेत्रात महाराष्ट्र, गोवा आणि छत्तीसगड ही तिन्ही राज्यं येतात. दुर्गचा आणि गोंदियाचा अभियांत्रिकी शिक्षक प्रशिक्षणासाठी एकाच दाराशी जातो.

पैसा आहे, पण

आता संधींकडे वळू. गेट ही प्रवेशपरीक्षा देऊन एम.टेक.ला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला महिना १२,४०० रुपये मिळतात. आयआयटीत पूर्णवेळ पीएचडी करणाऱ्याला पहिली दोन वर्षं ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे. त्याआधी ते ३१,००० आणि ३५,००० होते. २०१८च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेली पंतप्रधान संशोधन फेलोशिप, म्हणजे पीएमआरएफ, यापेक्षा बरीच घसघशीत : सुरुवातीला महिना ७०,००० रुपये, शेवटच्या दोन वर्षांत ८०,०००, आणि वर्षाला दोन लाखांचं संशोधन अनुदान वेगळं. इलेक्ट्रॉनिक्स आणि आयटीसाठी विश्वेश्वरय्या पीएचडी योजना आहे. उद्योगाने अर्धा वाटा उचलावा अशी डॉक्टरेटसाठीची पंतप्रधान फेलोशिपही आहे. पोलाद कारखान्याच्या दाराशी असलेल्या गावाने या शेवटच्या योजनेकडे खरं तर डोळे लावून बसायला हवं. महाराष्ट्रातल्या मुलांसाठी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपा आहेत. पण त्या महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात राहिलेल्या मराठी घरातल्या मुलीला त्यांचा उपयोग नाही, तिला केंद्राच्या योजनांवरच विसंबावं लागतं.

म्हणजे पैशाची बाजू पूर्वीपेक्षा बरी आहे. अडचण आहे ती पैशाच्या बदल्यात करायच्या कामात. एम.टेक. आणि पीएचडीच्या विद्यार्थ्याने आठवड्याला आठ तास 'टीएशिप' करायची असते. टीए म्हणजे टीचिंग असिस्टंट : प्रॅक्टिकलला उभं राहायचं, ट्युटोरियल घ्यायचं, उत्तरपत्रिका तपासायच्या. उद्याच्या प्राध्यापकाची खरी उमेदवारी या आठ तासांत व्हायला हवी. पण बहुतेक ठिकाणी हे तास उरकायचे असतात. गाईडचं लक्ष पेपरवर, विद्यार्थ्याचं लक्ष गाईडवर. शंका विचारणाऱ्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला नेमकं काय अडलं होतं आणि ते का अडलं, याची नोंद कुणीही ठेवत नाही. पीएचडीच्या व्हायवात प्रबंधाबद्दल दोन-तीन तास प्रश्न विचारले जातात. पाच वर्षांत तुम्ही कुणाला काय शिकवलं, असं कुणी विचारत नाही. मग पदवी हातात पडते, महाविद्यालयात नेमणूक होते आणि पहिल्याच आठवड्यात साठ मुलांसमोर उभं राहावं लागतं. एआयसीटीईने नव्या शिक्षकांसाठी आठ मॉड्यूलचा ऑनलाइन प्रशिक्षणक्रम आणला आहे, तोही नोकरी लागल्यानंतर करायचा.

बाराशे जणांची गोष्ट

हुशार पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिकवण्याकडे वळवायचा एक मोठा प्रयोग देशाने अलीकडेच केला. छत्तीसगड त्यात होतं. जागतिक बँकेच्या मदतीच्या टेक्विप कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात आयआयटी, एनआयटींमधून एम.टेक., पीएचडी झालेल्या बाराशेहून अधिक तरुणांना मागास भागांतल्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयांत असिस्टंट प्रोफेसर म्हणून पाठवलं गेलं. जानेवारी २०१८ मध्ये सरकारने ही घोषणा केली : अकरा राज्यं, ५३ महाविद्यालयं, तीन वर्षांचा करार, महिना ७०,००० रुपये. वर्षानुवर्षं रिकाम्या पडलेल्या जागांवर एकदम तरुण, ताज्या अभ्यासाची माणसं आली.

३० सप्टेंबर २०२१ रोजी टेक्विप संपला आणि त्याबरोबर अनेकांचे करारही संपले. कार्यक्रम संपल्यावर राज्यांनी या शिक्षकांना सामावून घ्यावं अशी अपेक्षा होती. सगळीकडे ती पूर्ण झाली नाही आणि दिल्लीत निदर्शनं झाली. या प्रयोगातून दोन गोष्टी दिसल्या. चांगली पदवी असलेली मुलं शिकवायला, तेही आडगावी, खुशीने जातात. 'आयआयटीवाल्यांना फक्त पॅकेज हवं' हा समज त्यांनी खोटा पाडला. दुसरं असं की तीन वर्षांच्या करारावर माणूस येतो, पण परंपरा रुजत नाही. प्रयोगशाळा लावून होते, अभ्यासक्रम बदलायला घेतला जातो आणि तेवढ्यात मुदत संपते. मागे उरणाऱ्याला त्या कामाचा धागा पुढे नेता येईल अशी व्यवस्थाच तिथे नसते.

शिकवण्याचाही अभ्यास असतो

हा धागा जपणारी ज्ञानशाखा जगात उभी राहिली आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २००४ मध्ये 'अभियांत्रिकी शिक्षण' या विषयाचा स्वतंत्र विभाग काढला. तिथे मुलं थर्मोडायनॅमिक्सवर पीएचडी करत नाहीत; थर्मोडायनॅमिक्स मुलांना का कळत नाही यावर करतात. मुली दुसऱ्या वर्षानंतर शाखा का बदलतात, गटात काम करताना एकटाच का राबतो, प्रॅक्टिकलची जर्नल उतरवून काढल्याने नेमकं काय हुकतं, हे तिथले संशोधनाचे विषय असतात.

आपल्याकडे आयआयटी मुंबईत २०१० पासून एज्युकेशनल टेक्नॉलॉजीत पीएचडी करता येते. त्याच पवईतून प्रा. दीपक फाटक यांनी दहा हजार शिक्षकांना प्रशिक्षण द्यायचा उपक्रम चालवला : मुंबईतून थेट प्रक्षेपण आणि देशभरच्या महाविद्यालयांत बसलेले शिक्षक. भारतीय आणि परदेशी शिक्षकांना जोडणारी आययूसीईई ही संस्था आहे. अभियांत्रिकी शिक्षणातल्या बदलांवरची तिची आंतरराष्ट्रीय परिषद २०१४ मध्ये हुबळीत भरली. या विषयाला वाहिलेलं 'जर्नल ऑफ इंजिनिअरिंग एज्युकेशन ट्रान्सफॉर्मेशन्स' हे संशोधन नियतकालिक सांगली जिल्ह्यात, ईश्वरपूरजवळच्या (पूर्वीचं इस्लामपूर) राजारामनगरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून निघतं. उसाच्या पट्ट्यातल्या एका महाविद्यालयाने देशभरच्या अभियांत्रिकी शिक्षकांना आपल्या वर्गाबद्दल लिहायला जागा करून द्यावी, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी कुणाला माहीत नाही. भिलाईत बसून टीएशिप करणाऱ्या विद्यार्थ्याला तर ती माहीत असायलाच हवी, कारण त्याच्या आठ तासांतून निघालेलं निरीक्षण नीट मांडलं तर ते छापलं जाऊ शकतं.

कुटेलाभाठ्याची कुंपणं

आयआयटी भिलाईची सुरुवात उसन्या जागेत झाली. २०१४च्या अर्थसंकल्पात छत्तीसगड, गोवा, केरळ, आंध्र आणि जम्मूसाठी पाच आयआयटी जाहीर झाल्या. भिलाईची आयआयटी २०१६ मध्ये, आयआयटी हैदराबादच्या देखरेखीखाली, रायपूरजवळच्या सेजबहारच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात सुरू झाली. १४ जून २०१८ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदींनी भिलाईत एकाच दिवशी विस्तारित पोलाद कारखान्याचं लोकार्पण केलं आणि आयआयटीच्या कायम संकुलाची पायाभरणीही केली. दुर्ग जिल्ह्यातल्या कुटेलाभाठ्याच्या त्या संकुलाचं लोकार्पण २० फेब्रुवारी २०२४ रोजी झालं. तिच्याच पाठची आयआयटी गोवा अजून फोंड्याच्या फर्मागुढीत पाहुणी म्हणून राहते आहे. कायमच्या जागेचा वाद तिथे सुटत नाही. हे पाहिलं की भिलाईकरांच्या पदरात काय पडलंय ते कळतं.

मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने भिलाईसह पाच नव्या आयआयटींच्या विस्तारासाठी ११,८२८ कोटींहून अधिक रुपये मंजूर केले. चार वर्षांत या पाच संस्थांची विद्यार्थिसंख्या ७,१११ वरून १३,६८७ वर जायची आहे. पदवी, पदव्युत्तर आणि पीएचडी अशा तिन्ही पातळ्यांवर ही वाढ आहे. पाच रिसर्च पार्कही होणार आहेत. फिनटेकवरचं राष्ट्रीय तंत्रज्ञान केंद्र आयआयटी भिलाईकडे आधीच आहे.

दुर्ग-भिलाई या जुळ्या शहरांची ही जागा त्यामुळे मोक्याची झाली आहे. एका गावाच्या अंतरात आयआयटी, राज्याचं तंत्रज्ञान विद्यापीठ, चाळीस वर्षांचं जुनं महाविद्यालय, अनेक खासगी महाविद्यालयं, पॉलिटेक्निक, आयटीआय आणि १३० मीटर लांबीचा सलग रूळ लाटणारा कारखाना. एवढं एकत्र देशात फार थोड्या ठिकाणी सापडेल. पण प्रत्येकाचं कुंपण वेगळं. आयआयटीतल्या पीएचडीवाल्याचं जग लॅब, मेस आणि कॉन्फरन्स. राज्य विद्यापीठात अर्धवेळ पीएचडी करणारी व्याख्याती दिवसभर पाच तास शिकवते आणि रात्री प्रबंध लिहिते. तिला उपकरण हवं असतं आणि विषय जाणणारा सोबती हवा असतो. त्याला वर्गाचा अनुभव हवा असतो, जो तिच्याकडे भरपूर आहे. दोघं पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर राहतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत.

ही ओळख करून देणारी एक तरतूद सरकारी कागदावर आहे. पीएमआरएफ मिळालेल्या विद्यार्थ्याने आठवड्यातून एकदा जवळच्या आयटीआय, पॉलिटेक्निक किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवायचं, अशी अट आहे. ती गंभीरपणे घेतली तर काय होईल याचा विचार करा. संशोधक विद्यार्थी दुर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये जाईल, हिंदी माध्यमातून आलेल्या मुलांना नियंत्रण प्रणाली शिकवताना अडखळेल, पुन्हा तयारी करून येईल. तिथल्या शिक्षकांशी त्याची ओळख होईल. दुसऱ्या वर्षी त्यांच्यापैकी कुणी आयआयटीच्या लॅबमध्ये नमुना तपासायला येईल. हीच अट पीएमआरएफपुरती न ठेवता प्रत्येक पीएचडीवाल्याच्या टीएशिपला लावता येईल. आठातले दोन तास कुंपणाबाहेर, एवढंच.

त्यासाठी वेगळा निधी लागत नाही. विद्यापीठ आणि आयआयटी यांच्यात एक साधा करार लागतो. प्रबंधाच्या शेवटी 'मी काय शिकवलं' असं एक प्रकरण मान्य करणारी विद्वत्सभा लागते. आणि नेमणुकीच्या मुलाखतीत ते प्रकरण उघडून वाचणारे प्राचार्य लागतात. गोंदिया-नागपूरच्या महाविद्यालयांनाही या जाळ्यात सहज येता येईल. हावडा-मुंबई मार्गावर दुर्ग काही दूर नाही, आणि भोपाळची प्रशिक्षण संस्था दोन्ही बाजूंना सामाईक आहेच.

२०२९ पर्यंत या पाच आयआयटींत साडेसहा हजार जागा वाढतील. त्या मुलांसमोर आणि राज्यभरच्या महाविद्यालयांतल्या वर्गांत जे उभे राहणार आहेत, त्यांच्यातले बरेच जण आत्ता पीएचडीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात आहेत. इमारतींचं बजेट मंजूर झालं आहे. या पीएचडीवाल्यांच्या आठवड्यातल्या आठ तासांचं काय करायचं, हे मात्र मंत्रिमंडळ ठरवणार नाही. ते भिलाईतल्या विभागप्रमुखांनाच ठरवावं लागेल, आणि या सत्रापासून ठरवता येण्यासारखं आहे.