साखरेच्या मागावर

शत्रूचा तळ सापडत नसेल, तर त्याची रसद कोठे जाते ते पाहावे. शरीरात दडलेल्या एका विकाराचा माग डॉक्टर असाच काढतात.

२३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसविले. भाऊ एकसारखे असल्याने शरीराने ते स्वीकारले. एरवी शरीर नवा अवयव परका मानून त्यावर हल्ला करते. म्हणून रोग्याला प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घ्यावी लागतात. पण पहारेकरी झोपले की चोरांचे फावते! एपस्टाईन-बार हा विषाणू बहुतेक प्रौढांच्या शरीरात निपचित पडून असतो. पहारा ढिला पडताच त्याची लागण झालेल्या पांढऱ्या पेशी काही रोग्यांत बेसुमार वाढतात आणि लसीका ग्रंथींच्या कर्करोगासारखा विकार जडतो.

या गाठी शोधायच्या कशा? क्ष-किरणांनी आकार दिसतो. पण गाठ वाढती आहे की नुसता वण, हे आकारावरून नेहमी कळत नाही. येथे भौतिकशास्त्र मदतीला येते. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना साखर फार लागते. म्हणून उपाशीपोटी रोग्याला ग्लुकोजसारखेच, पण फ्ल्युओरिन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडलेले द्रव्य टोचतात. पेशी ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत. ते आतच अडकते. फ्ल्युओरिनमधून निघालेला पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटतो. दोघेही नाहीसे होतात आणि प्रत्येकी ५,११,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना धावतात. रोग्याभोवतीच्या कड्यातील दोन शोधकांना ते एकाच वेळी मिळाले, की उगम त्यांना जोडणाऱ्या रेषेवर आहे, हे ठरते. अशा लाखो रेषा जुळवून संगणक चित्र बनवितो. यालाच ‘पेट’ तपासणी म्हणतात.

फ्ल्युओरिन-१८ चे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे. मग ११ तासांनी किती उरेल? सहा वेळा निम्मे करा: अवघा चौसष्टावा भाग!

मात्र चमकते ते सारे रोगटच नसते. मेंदूही भरपूर साखर खातो, जंतूंमुळे आलेली सूजही खाते. म्हणून गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच निदान पक्के करतात. मग बहुधा प्रथम औषधे कमी करून पहारेकऱ्यांना जागे करतात. ते फार जागे झाले, तर नव्या अवयवावरच तुटून पडतील! या तारेवरच्या कसरतीत उपचार लागू पडत आहेत की नाहीत, हे पुढच्या चित्रातील विझत जाणारे ठिपके सांगतात.

कार्ल अँडरसन यांना १९३२ साली विश्वकिरणांत सापडलेला पॉझिट्रॉन आज असा रोग्याच्या उशाशी उभा आहे.