दही, ड्रिल आणि हाफकिनचे गुरू

मुलुंडहून एका वाचक बाईंनी विचारलं आहे : 'घरासमोर खोदकाम चालू आहे, रात्रीसुद्धा. झोप तर उडालीच, पण पोटही बिघडलंय. मेडिकलवाला म्हणतो, प्रोबायोटिकच्या गोळ्या घ्या, आवाजाचा त्रास बाधणार नाही. खरं का?'

आवाजाने पोट बिघडू शकतं. गोळीचं मात्र दुकानदाराला ठाऊक.

दहावीच्या पेपरच्या सकाळी तीनदा संडासला धावणारा मुलगा ज्या घरात होऊन गेला, त्या घराला मेंदू आणि आतड्याचं नातं वेगळं समजावायला नको. आवाजाचंही तसंच. कर्कश आवाज मेंदूला धोका वाटतो. मग कॉर्टिसोल, अ‍ॅड्रेनलिन वाढतं, आतड्याची चाल बदलते, आणि तिथे वस्तीला असलेल्या जिवाणूंचं हवापाणी बिघडतं. चीनमधल्या संशोधकांनी 2016 मध्ये प्रयोगशाळेतल्या उंदरांना महिनाभर, रोज चार तास, 95 डेसिबलचा आवाज ऐकवला. आतड्यातल्या जिवाणूंची वस्ती बदलली, रक्तातल्या साखरेचं गणितही बिघडलं. आपल्याकडे निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल. फरक चाळीसचा दिसतो, पण डेसिबलची शिडी दहा-दहाच्या पटीने चढते. म्हणजे त्या उंदरांच्या कानावर आदळणारी ऊर्जा दहा हजार पट होती! उंदराचं पोट म्हणजे माणसाचं पोट नव्हे, हे आहेच. पण रात्र रात्र झोप मोडली की पोट तक्रार करतं, याला उंदरांची साक्ष कशाला हवी?

आता गोळी. पोटात चांगले जिवाणू सोडायची ही कल्पना तशी जुनी, आणि तिचा एक धागा आपल्या परळपर्यंत येतो. ओडेसाच्या विद्यापीठात इल्या मेचनिकॉफ नावाचे प्राध्यापक होते. त्यांचा एक विद्यार्थी पुढे गुरूच्या मागोमाग पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेला. तिथे आधी ग्रंथालयात पुस्तकं सांभाळायचं काम मिळालं, तर तेही केलं. तो म्हणजे वाल्डेमार हाफकिन. प्लेगच्या लशीची सुई त्याने 10 जानेवारी 1897 रोजी मुंबईत आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या लस-संशोधन संस्थेला 1925 मध्ये त्याचं नाव मिळालं.

गुरूंचं लक्ष तोवर मोठ्या आतड्याकडे वळलं होतं. तिथे कुजवणारे जिवाणू माणसाला म्हातारं करतात, दह्यातले जिवाणू त्यांना आवर घालतील, असं मेचनिकॉफ सांगू लागले. बल्गेरियातले शेतकरी आंबट दूध पिऊन दीर्घायुषी होतात, हा त्यांचा दाखला. दह्यातला जिवाणू 1905 मध्ये शोधला होता स्टामेन ग्रिगोरोव या तरुण बल्गेरियन डॉक्टरने. त्याला आज कोण ओळखतं? नाव झालं मेचनिकॉफचं. त्यांना 1908 चं नोबेल मिळालं ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी, दह्यासाठी नव्हे. पॅरिसच्या बाजारात मात्र जिवाणूंच्या गोळ्या विकल्या जाऊ लागल्या. रोज आंबट दूध पिणारे मेचनिकॉफ 1916 मध्ये वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी गेले.

शंभर वर्षांत डबी चकचकीत झाली, आव तोच. इस्रायलच्या वाइझमन संस्थेच्या 2018 च्या अभ्यासात काही माणसांच्या आतड्यात गोळीतले जिवाणू टिकले, काहींच्यात आले तसे निघून गेले. शिवाय सगळी पोटं सारखी नसतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या योगेश शौचे आणि सहकाऱ्यांना भारतीयांच्या आतड्यात प्रीव्होटेला आणि मेगास्फेरा हे जिवाणू भरपूर सापडले. हाही अभ्यास 2016 चाच. मग परदेशी पोटांवर तपासलेली गोळी मुलुंडच्या पोटाला लागू पडेलच, हे कशावरून? त्यातून ती ड्रिलवर उतारा ठरते, असा भक्कम पुरावा माणसांमध्ये नाहीच.

घरचं दही जरूर खा. काल रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण घातलं, सकाळी कवडी लागली, ही किमया मला अजून रोज नवी वाटते. पण तेही औषध म्हणून नको. जेवणात आवडतं म्हणून खा.

बाई, पोट पंधरवड्याहून जास्त बिघडलेलं असेल, किंवा शौचातून रक्त जात असेल, तर डॉक्टरांना दाखवा. आणि ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा निवासी भागात बांधकामाची आवाज करणारी यंत्रं चालवायला मनाई आहे. आज रात्री ड्रिल सुरू झालं, तर 112 वर फोन करा.