घरचा संगणक व फुकटचे चित्रपट : शिक्षकांचे कर्तव्य

शाळाभेटीच्या निमित्ताने गेल्या वर्षी एका गावी गेलो असता सातवीतील एका विद्यार्थ्याचे वडील भेटले. नवा चित्रपट मिळावा म्हणून मुलाने घरच्या संगणकावर टॉरेंटचे सॉफ्टवेअर बसविले होते. चित्रपट म्हणून जी फाइल उतरली, ती चित्रपट नव्हतीच. ती उघडताच संगणकातील साऱ्या फाइली कुलूपबंद झाल्या. द्राक्षबागेच्या फवारणीच्या नोंदी व कर्जाची कागदपत्रे त्यांतच होती. वडिलांनी मुलास मारले व संगणक कपाटात ठेवून दिला. मुलाने मला हळूच विचारले, “साहेब, फाइल तर फुकट होती. मग माझे चुकले काय?” ह्या प्रश्नाचे उत्तर शाळेने त्यास आधीच द्यावयास हवे होते.

प्रथम हे सॉफ्टवेअर कसे चालते, ते आपण समजून घेऊ. नेहमीच्या संकेतस्थळावरून फाइल घेताना ती एका ठिकाणाहून आपल्याकडे येते. टॉरेंटच्या पद्धतीत, जी २००१ साली प्रचारात आली, फाइलीचे लहान लहान तुकडे होतात व ते अनेक अनोळखी संगणकांवरून गोळा केले जातात. त्याच वेळी आपल्याकडे आलेले तुकडे आपला संगणक इतरांस देऊ लागतो. म्हणजे येथे घेणारा हा देणाराही होतो, आणि हे मुलास ठाऊक नसते. आपल्या जोडणीचा क्रमांकही त्या साऱ्यांस दिसतो. लाइमवायरसारख्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तर चुकीचा कप्पा निवडल्यास घरची खासगी कागदपत्रेही जगास खुली होत. अमेरिकेतील न्यायालयाच्या आदेशाने २०१० साली ते बंद पडले.

ही पद्धत स्वतः वाईट नव्हे. लिनक्ससारखी मुक्त प्रणाली तिच्या साहाय्याने रीतसर वाटली जाते. दोष आहे तो काय वाटले जाते ह्यात. परवानगीवाचून चित्रपट वाटणे हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचा भंग होय, व जाणूनबुजून केलेला असा भंग कलम ६३ अन्वये शिक्षेस पात्र आहे. तथापि मुलांस तुरुंगाचे भय घालू नये. भयाने मूल लपविण्यास शिकते.

त्यापेक्षा त्यांस आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण सांगावे. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मले. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला, त्यामागे सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले होते. चित्रपट असा कोणाच्या तरी घामावर व ऋणावर उभा राहतो. २०१६ साली नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ चित्रपटगृहांत चालू असतानाच त्याची चोरटी प्रत फिरू लागली. आपण वर्षभर राबून पिकविलेला कांदा कोणी रात्री खळ्यातून उचलून वाटला, तर त्यास फुकट म्हणावे काय? हा प्रश्न शेतकऱ्याच्या मुलास तत्काळ कळतो.

आता उपाय. पालकसभेत पुढील गोष्टी समजावून द्याव्यात.

१. संगणकावर मुलाचे खाते वेगळे व साधे असावे. नवे सॉफ्टवेअर बसविण्याचा अधिकार असलेले अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खाते वडीलधाऱ्यांकडे, संकेतशब्दासह असावे. काही सॉफ्टवेअर साध्या खात्यातही बसतात. म्हणून एवढ्यावर विसंबू नये.

२. संगणक घरातील वावरत्या जागी ठेवावा. महिन्यातून एकदा बसविलेल्या सॉफ्टवेअरची यादी मुलाच्या सोबत पाहावी. त्याच्या पाठीमागे नव्हे.

३. महत्त्वाच्या कागदपत्रांची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्यावी व काम होताच तो काढून ठेवावा.

४. काही विपरीत घडलेच तर प्रथम इंटरनेटची जोडणी तोडावी. पैशांची फसवणूक झाल्यास १९३० ह्या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

परंतु केवळ बंदीने काम भागत नाही. ज्या ओढीने मूल तेथे गेले ती ओढ योग्य ठिकाणी वळवावी लागते. बालभारतीची पुस्तके व दीक्षा ॲपवरील पाठ विनामूल्य मिळतात. ‘राजा हरिश्चंद्र’चा हक्काचा काळ संपलेला असल्याने त्याचा उपलब्ध भाग वर्गात निःसंकोच दाखविता येतो. तो दाखवून मग वरील चर्चा करावी, असे मी सुचवितो.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चूक झाल्यावर मुलाने ती प्रथम आपणांस सांगावी, एवढा विश्वास त्यास वाटला पाहिजे. त्या गावातील मुलगा दोन दिवस गप्प राहिला होता. संकेतशब्दाचे कुलूप संगणकास घालता येते, मुलाच्या मनास नाही. तेथे शिक्षकाचा शब्दच पोहोचतो.