धोतराची गाठ आणि काचपट्टी

धोतर कमरेला घट्ट बांधायची सवय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची. वर्षानुवर्षे एकाच जागी कातडी घासते, तिचा रंग जातो, ती जाड होते, कधी चिघळते आणि क्वचित त्या जखमेतून कर्करोग उभा राहतो. डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ साली भारतातल्या तीन वेगळ्या कर्करोगांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यांतला एक हा, धोतराचा. दुसरा खैनीचा: तंबाखूत चुना मळून बार खालच्या ओठाआड धरून ठेवणाऱ्यांना नेमका तिथेच होणारा. तिसरा आंध्र किनाऱ्यावरचा. तिथे चुट्टा नावाच्या चिरुटाचे पेटते टोक तोंडात धरून ओढतात, विशेषतः बायका. धग टाळूला लागते आणि रोगही टाळूलाच होतो.

भारतीय वैद्यकातल्या मोठ्या कामांत मी या निबंधाला फार वरची जागा देईन. रोग कुठे झाला हे सूक्ष्मदर्शक दाखवतो. तिथेच का झाला, हे रोग्याच्या राहणीत शिरल्याशिवाय कळत नाही.

खानोलकर लंडनहून पॅथॉलॉजीत एम.डी. होऊन आले होते. आधी ग्रँट मेडिकल, मग शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात त्यांनी शिकवले. परळचे टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि तिथल्या प्रयोगशाळा त्यांच्या हाती आल्या. रुग्णालयातल्या प्रयोगशाळेने निदानाचा कागद लिहून द्यावा आणि थांबावे, एवढ्यावर ते समाधानी नव्हते. एल. डी. संघवी यांच्यासह त्यांनी मुंबईतल्या सहा जातिसमूहांच्या रक्तगटांसह सात आनुवंशिक गुणधर्मांचा अभ्यास १९४९ साली मांडला. कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंत कसे शिरतात, याचाही त्यांनी बारकाईने शोध घेतला.

माणसे घडवणे हे मात्र त्यांचे सर्वांत टिकाऊ काम. पुण्याच्या फर्ग्युसनमधून शिकलेल्या कमल रणदिवे यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएच.डी. केली. पुढे त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. परतल्यावर त्यांनी मुंबईत ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. ती ज्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उभी राहिली, ते केंद्र खानोलकरांनी १९५२ साली स्थापन केले होते. १९६६ ते १९७० या काळात त्याच संस्थेची धुरा रणदिवेंनी सांभाळली. गुरूने उभारलेले घर शिष्येने चालवले, असे आपल्या विज्ञानात फार वेळा घडलेले नाही.

१९६० ते १९६३ खानोलकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. पद्मभूषण आणि राष्ट्रीय संशोधन प्राध्यापकपद हे मानही त्यांना मिळाले. कुलगुरूंच्या यादीत त्यांचे नाव सापडते, पण शाळेच्या पुस्तकांत ते असायला हवे, असे मला मनापासून वाटते. तंबाखू मळणाऱ्या हातांसमोर त्यांचा १९४५ चा तो निबंध आजही तेवढाच खरा उभा आहे.

१९६६ साली रुग्णालय आणि संशोधन संस्था एकत्र येऊन टाटा मेमोरियल सेंटर झाले. संशोधन संस्था पुढे परळहून खारघरला गेली. खानोलकर १९७८ साली वारले. खारघरच्या त्या संशोधन इमारतीचे नाव आहे ‘खानोलकर शोधिका’.